टोप्या बदलून आयाकुचो उभं राहत नाही

लघुसैनिकांचे, म्हणजे छोट्या मूर्ती पटावर मांडून, युद्धखेळ खेळणाऱ्यांमध्ये एक मत वर्षानुवर्षं फिरतंय आणि नवीन मंडळी ते जसंच्या तसं पुढे पाठवतात: "स्पेनविरुद्धची दक्षिण अमेरिकेतली स्वातंत्र्ययुद्धं म्हणजे नेपोलियनच्या लढायांची छोटी आवृत्ती. एकीकडे स्पेनचं शिस्तीचं लष्कर, दुसरीकडे स्थानिक बंडखोरांची झुंड. वेगळे सैनिक लागत नाहीत, आहेत त्यांच्याच टोप्या बदला. लढाया किरकोळ, आणि निकाल तर ठरलेलाच." मी काही वर्षं हीच युद्धं 15 मिलिमीटरच्या सैनिकांनी मांडतोय. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

"एकीकडे स्पेन" हे आधी घेतो, कारण बाकीच्या चुका इथूनच फुटतात. 9 डिसेंबर 1824 ला पेरूतल्या आयाकुचोच्या पठारावरच्या लढाईत व्हाइसरॉय ला सेर्नाचं सैन्य राजाचं होतं खरं, पण त्यातले बहुतेक शिपाई अमेरिकेतच जन्मलेले, अँडीजच्या डोंगरातले. खुद्द स्पेनहून आलेले त्यात थोडेच. उलट स्वातंत्र्याच्या बाजूचा मोठा सेनापती सान मार्तिन वीसहून जास्त वर्षं स्पेनच्या लष्करात होता आणि 1808 मध्ये बायलेनला फ्रेंचांविरुद्ध लढला होता. हे मोठ्या प्रमाणावर यादवी युद्ध होतं. व्हेनेझुएलाच्या गवताळ मैदानातले गुराखी, म्हणजे यानेरो, 1814 मध्ये बोवेसच्या मागे राजासाठी लढले आणि त्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूचा पुढारी बोलिव्हार याचं प्रजासत्ताक धुळीला मिळवलं. पुढे तेच यानेरो मोठ्या संख्येने पाएसच्या मागे स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले. नुमान्सिया ही राजाची पलटण तर डिसेंबर 1820 मध्ये पेरूत अख्खीच्या अख्खी सान मार्तिनकडे गेली. म्हणून माझ्या नुमान्सियाच्या झेंड्याची काठी मी चिकटवलेली नाही. झेंडेवाल्याच्या मुठीत बारीक भोक पाडलंय, काठी त्यात नुसती खोचायची. मोहिमेच्या मधोमध ती उपसून दुसरी खोचताना समोरच्या खेळाडूचा चेहरा बघावा.

टोप्यांबद्दल अर्धं म्हणणं मान्य आहे. पायदळाची कवायत, रांगा, चौक (घोडदळाला अडवायला चारी बाजूंना तोंड करून उभी राहिलेली तुकडी) हे सगळं त्याच काळातलं आणि दोन्हीकडे एकाच शाळेतलं, त्यामुळे तुमचं जुनं स्पॅनिश पायदळ इथे खपून जाईल. घोडदळ मात्र नाही. यानेरो बहुधा अनवाणी पायांनी घोड्यावर बसायचे, हातात लांब भाला. युरोपीय भालाईताच्या मूर्तीवर कातडीचा रंग मारून हे साधत नाही. बुटाची कड आणि टाच पात्याने खरवडून काढावी लागते, मग पाऊल दिसतं. एका स्वाराला मला अर्धा तास लागतो.

आणि खरा फरक रंगात नाही, नियमात आहे. नेपोलियनच्या काळासाठी लिहिलेल्या नियमांत माघार म्हणजे हिंमत खचल्याची खूण. फासे वाईट पडले की तुकडी पळते. 2 एप्रिल 1819 ला केसेरास देल मेदियोला पाएसने दीडशेच्या आसपास भालाईत घेऊन आराउका नदी ओलांडली, राजाचा सेनापती मोरिल्यो याच्या घोडदळाला पाठलागाला ओढलं आणि मग ओरडून सगळ्यांना एकदम उलट फिरवलं. मागे लागलेले स्वार विस्कळीत झालेले होते, ते कापले गेले. हुलकावणी देऊन उलटणं काय असतं हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही, पण त्या नियमपुस्तकांना ते माहीत नाही. माझ्या पटावर यानेरो मुद्दाम माघार घेऊ शकतात, आणि पाठलाग करणाऱ्या तुकडीला आधी स्वतःला आवरण्याची चाचणी द्यावी लागते. एवढा एक बदल केला की खेळ ओळखू येत नाही.

"बंडखोरांची झुंड" म्हणणाऱ्यांनी 24 जून 1821 चं काराबोबो मांडून बघावं. बोलिव्हारच्या बाजूची ब्रिटिश पलटण गोळीबारात ठाम उभी राहिली, तेवढ्यात मागे रेटली गेलेली आपुरे पलटण पुन्हा रांगेत आली. दुसऱ्या बाजूला राजाची वालेन्सेय पलटण चौक न मोडता, घोडदळाचे हल्ले परतवत निघून गेली. शिस्त दोन्हीकडे होती.

किरकोळ? आकडे लहान आहेत, हे खरं. आयाकुचोला स्वातंत्र्याच्या बाजूचा सेनापती सुक्रे याच्याकडे सहा हजारांच्या आत माणसं, समोर नऊ हजारांच्या आसपास. पण घरच्या टेबलासाठी हीच तर सोय आहे. एका मूर्तीला वीस माणसं धरली तर सुक्रेचं पूर्ण सैन्य तीनशेपेक्षा कमी मूर्तींत बसतं. नेपोलियनची लायप्झिगची लढाई तशी मांडायला हॉल भाड्याने घ्यावा लागेल. 6 ऑगस्ट 1824 च्या हुनीनला तर मी बंदूक असलेली एकही मूर्ती ठेवत नाही. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर फक्त घोडदळ भिडलं, तलवार आणि भाला, गोळी झाडली गेली नाही. बोलिव्हारचे स्वार आधी उधळले गेले. मग राखीव ठेवलेले पेरूचे हुसार, म्हणजे हलके घोडेस्वार, विजयाच्या भरात पांगलेल्या शत्रूवर मागून पडले आणि लढाई फिरली. राखीव तुकडी कधी सोडायची हा एकच प्रश्न, आणि त्यासाठी संध्याकाळ पुरत नाही.

समुद्रावरच्या लढायांचा तर या मतात उल्लेखही नसतो. चिलीच्या आरमाराचा प्रमुख कोक्रेन याने 1820 मध्ये वाल्दिव्हियाचं बंदर घेतलं आणि कायाओच्या बंदरातून एस्मेराल्दा ही स्पॅनिश युद्धनौका पळवली, एवढंच सांगतो.

राहिला ठरलेला निकाल. 1817 च्या सुरुवातीला अँडीज ओलांडताना सान मार्तिनने नऊ हजारांहून जास्त खेचरं नेली, पलीकडे निम्मीही पोचली नाहीत. चिलीतली चाकाबुकोची लढाई जिंकली, तरी पुढच्या वर्षी 19 मार्चच्या रात्री कांचा रायादाला शत्रूने छापा घालून त्याचं सैन्य उधळून लावलं. त्याच्या हाताखालच्या लास एरासने आपली फळी शाबूत बाहेर काढली म्हणून काही उरलं. सतरा दिवसांनी, 5 एप्रिल 1818 ला, त्याच सैन्याने माइपूला चिलीचं भवितव्य ठरवलं. इकडे बाजीराव दुसरे माल्कमच्या हाती पडायला तेव्हा दोन महिने बाकी होते.

ही मोहीम मी कांचा रायादाच्या रात्रीपासून मांडतो. लास एरासच्या फळीतल्या जेवढ्या मूर्ती त्या रात्री वाचतील तेवढ्याच माइपूला उतरवायच्या. आतापर्यंत पाच वेळा खेळलो आणि दोनदा चिली हातचं गेलं. कांचा रायादाला जखमी झालेला चिलीचा पुढारी ओहिगिन्स माइपूला लढाईच्या शेवटी पोचला होता. हात झोळीत अडकवलेली त्याची मूर्ती मी पटाच्या कडेला ठेवतो, आणि त्या दोन्ही वेळी ती तिथेच राहिली.