दीड तास नाक कोरलं, ते कुणासाठी?

राजारामपुरीतल्या खोलीवर रात्री अकराला गेम सुरू केला आणि साडेबारापर्यंत नुसता माझ्या पात्राचा चेहराच घडवत बसलो. नाकाचा बांसा, जबड्याचा कोन, भुवईवरचा व्रण. शिंगं देतात, शेपूट देतात, निळी कातडी देतात. मग आमच्या तालमीतल्या वस्तादाच्या ओठावर असते तशी पीळदार, टोकं वर गेलेली मिशी द्यायला काय होतं? सावळा रंग निवडावा, तर मशालीच्या उजेडात गडी राखेनं माखल्यासारखा दिसतो.

आणि एवढं करून पहिल्याच गुहेत लोखंडी शिरस्त्राण मिळतं. चेहरा गायब! ते लपवायचं एक साधं बटण ठेवता येत नाही?

दुसरा गेम घ्या, 'सायबरपंक २०७७'. डिसेंबर २०२० मध्ये आला. जवळपास सगळा खेळ पात्राच्या डोळ्यांतून, म्हणजे स्वतःचं तोंड दिसणार आरशात. बरं, एकदा बनवलेला चेहरा बदलायची सोय कधी आली? फेब्रुवारी २०२२ ला! चौदा महिने माणसानं तीच चुकलेली हनुवटी घेऊन फिरायचं?

अरे, भूमिका जगायचा खेळ आहे ना हा? मग माझा गडी मला दिसू द्या की!