कॉलेज बघायला कशाला जायचं?

जुलै आला की आमच्या सोलापूरच्या शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नसतो. पर्सेंटाइल, कटऑफ, प्रवेशाचे कॅप राउंड. यंदा एका मित्राची मुलगी इंजिनिअरिंगच्या रांगेत आहे. अक्कलकोट रोडला त्याचे टॉवेलचे माग आहेत. त्यानं साधंच विचारलं होतं, की कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी पोरीला पुण्याला नेऊन दोन-चार कॉलेजं दाखवून आणू का? झालं. "कॉलेज बघून काय करणार बे, कटऑफ बघ." "बिल्डिंग गूगलवर दिसते." आमच्यातला एक जण क्लास चालवतो. त्यानं लिहिलं, "मुलगी बघायला जातात, कॉलेज नाही." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

इकडे स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनच्या ऑफिसात, डबा उघडून बसलो असताना माझं डोकं फिरलं. कारण मार्चमध्ये मी नेमकं हेच करून आलो होतो, आणि तेव्हापासून कुणाला सांगू असं झालं होतं.

आमच्या मुलीला एडिनबराला जिऑलॉजी मिळालं. (हे सांगितलं तेव्हा ग्रुपवरचा पहिला प्रश्न: "कॉम्प्युटर नाही मिळालं का?") हायर्सचे, म्हणजे इथल्या शाळेतल्या शेवटच्या परीक्षांचे, निकाल हातात होतेच, त्यामुळे ऑफर अनकंडिशनल, विनाअट. तरी विद्यापीठानं ऑफर होल्डर डेला बोलावलं. जागा दिलेली, पण तिनं ती घ्यावी म्हणून त्यांची धडपड. सकाळच्या गाडीनं निघालो, फोर्थ ब्रिजवर पोरगी खिडकीला नाक लावून. १५८३ सालचं विद्यापीठ. तिच्या खोलीच्या भिंतीवर आठवीपासून त्याचा फोटो आहे.

किंग्ज बिल्डिंग्जला, म्हणजे विज्ञान शाखांच्या कॅम्पसवर, दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं आम्हाला फिरवलं. खोलीचं भाडं किती, कुठल्या लेक्चरला झोप येते, फील्डला बूट कुठले घ्यायचे, सगळं त्यानं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. दुपारी एका प्राध्यापिकेनं काही मुलांना सॉल्झबरी क्रॅग्ज या शहरातल्याच कड्याच्या पायथ्याशी नेलं. कड्यालगतची पायवाट, रॅडिकल रोड, दरडींमुळे २०१८ पासून बंद, म्हणून खालूनच बोट दाखवलं. जेम्स हटन या स्कॉटिश भूवैज्ञानिकानं अठराव्या शतकात या कड्यात पाहिलं, की काळा खडक वितळलेल्या रूपात गाळाच्या जुन्या थरांत घुसलाय, त्यांना वाकवून, मोडून. त्यावरून त्यानं म्हटलं, पृथ्वी आपण समजतो त्याहून फार म्हातारी आहे. बाई हे अशा सांगत होत्या, जणू हटन काल संध्याकाळी येऊन गेला. माझी पोरगी तिथेच विद्यार्थिनी झाली. फॉर्म, फी, हॉस्टेल हे नंतरचं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर हेही लिहिलं, की आपल्याकडे मुलाच्या पुढल्या चार वर्षांचा निर्णय एका यादीवर होतो. कॉलेजचा कोड, शाखेचा कोड, गेल्या वर्षीचा कटऑफ, उतरत्या क्रमानं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो, आणि त्या पहिल्या पर्यायाचं फाटकसुद्धा पोरानं पाहिलेलं नसतं. दोन हजारांची चादर घेताना आपण दुकानदाराकडून पाच चादरी उलगडून घेतो. सोलापूरकराला हे मी सांगावं!

माझं स्वतःचं तरी काय झालं होतं? इंजिनिअरिंग केलं सोलापुरातच, पदवी मात्र शिवाजी विद्यापीठाची. सोलापूरला वेगळं विद्यापीठ झालं २००४ मध्ये, आम्ही त्याआधीचे. परीक्षांचे फॉर्म कोल्हापूरला जायचे, निकाल कोल्हापूरहून यायचा, रिव्हॅल्युएशनचे पैसे कोल्हापूरला. माझ्या सर्टिफिकेटवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे ते मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. मुख्य इमारतीसमोरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा फोटोत पाहिला, तोही इथं आल्यावर.

क्लासवाल्यानं उत्तर दिलं. तिकडं तुम्ही गिऱ्हाईक आहात म्हणून पायघड्या, म्हणाला. परदेशी पोरांकडून केवढी फी उकळतात, आणि तेवढं उकळूनही तुझं विद्यापीठ १४ कोटी पौंडांची कपात करायला निघालंय ना? पेपरात वाचलंय. हे खरं आहे. २०२५ मध्ये प्राध्यापक त्याविरोधात संपावर गेले होते. मी त्याला लिहिलं, की हा वेगळा विषय आहे. वेगळा आहे की नाही ते माहीत नाही, पण त्या क्षणी मला तो वेगळा हवा होता.

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. आमच्या मुलीला ट्यूशन फी शून्य. सास (SAAS) ही स्कॉटलंडची सरकारी संस्था ती भरते. इंग्लंडातल्या न्यूकॅसलचं पोरगं त्याच बाकावर बसून वर्षाला साडेनऊ हजारांहून जास्त पौंड मोजतं, कारण ते सीमेपलीकडचं. आणि माझी पोरगी इथली, जिचा बाप वर्क व्हिसावर आला आणि अजून इंग्रजीत पाढे म्हणू शकत नाही.

त्यावर इतका वेळ गप्प असलेला मागवाला मित्र बोलला. "म्हणजे तुझी पोरगी तिकडं घरची, आणि माझी पुण्यात बाहेरची."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि ते मला सुचायला हवं होतं. पुण्याच्या खासगी कॉलेजांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना, म्हणजे पुणे, नगर, नाशिक. उरलेल्या ३० टक्क्यांत सगळा बाकीचा महाराष्ट्र. सोलापूरचं विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं, हद्दही तेवढीच. हुतात्मा एक्सप्रेसनं एका सकाळीत पुणं गाठणारी पोरगी तिथं परकी. तिच्या बापानं तिला कॉलेज दाखवलं काय आणि नाही काय. यादीच लहान आहे.

मी जरा नरमलो. पण खरं सांगायचं तर एडिनबराच्या त्या दिवसातही मी जे ग्रुपवर लिहिलं तेवढंच घडलं नव्हतं. कॉफीच्या वेळी आईबाप आपसांत बोलत होते. एक जण पोलॉक हॉल्स या इथल्या हॉस्टेलमधल्या आपल्या दिवसांचं सांगत होता, एकीचे वडील इथेच शिकलेले. मला विचारलं, तुम्ही कुठले? मी ॲबर्डीन म्हणालो. मग कुणी न विचारता सोलापूरचं सांगायला लागलो. १९३० साली मार्शल लॉ लागला होता आमच्या गावात, चार जण फासावर गेले, डॉ. कोटणीस आमच्याच गावचे, चीनमध्ये अजून नाव आहे त्यांचं. लोकांनी ऐकून घेतलं. फार सभ्य माणसं आहेत ही. पोरीनं हळूच बाही ओढली.

क्रॅग्जच्या पायथ्याशी तर गंमतच झाली. बाईंना कळलं की घर मूळचं महाराष्ट्रातलं, तशा त्या खुलल्या. डेक्कन ट्रॅप! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. "तू पाहिलायस?" त्यांनी विचारलं. पोरगी म्हणाली, "गाडीतून." बरोबरच आहे. दर खेपेला मुंबईत उतरायचं, सिद्धेश्वराला जाऊन यायचं, नातेवाइकांकडे जेवणं, शेंगाचटणीची पाकिटं बॅगेत कोंबायची आणि परत.

हे मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं. पण मित्रानं जणू वास काढला. त्याचा पुढचा मेसेज: "तुझी पोरगी दगडंच शिकणार ना? केगावला आपल्या विद्यापीठात जिऑलॉजी शिकवतेत. तू कधी आत गेलायस? तिकडं बसून काय बी बोललालास."

पुण्याहून सोलापुरात शिरताना केगाव रस्त्यालाच आहे. दर खेपेला ते फाटक लागतं, आणि तेवढ्यात मी घरी फोन करून सांगत असतो, की पोचतोच, भाकरी टाका. आत वळावं असं कधी मनातही आलं नाही. माझ्या डोक्यात विद्यापीठ म्हणजे जे दुसरीकडे असतं ते. आधी कोल्हापूर, मग एडिनबरा. क्लासवाल्याला मी ज्यासाठी झोडपत होतो तेच माझ्या पोटात निघालं, आणि वर्षानुवर्षं परदेशी राहून ते गेलं नाही, उलट बळावलं.

मेसेज मी मुलीला दाखवला. तिला आमच्या भांडणाशी काही देणंघेणं नाही. डिसेंबरात गेलो तर केगावच्या डिपार्टमेंटला आधी ईमेल करावी लागेल का, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, बघू, तिकिटांचे भाव बघू आधी.

क्लासवाल्याशी मात्र तह केलेला नाही. ऑप्शन फॉर्म सुरू व्हायच्या आधी राज्यातल्या प्रत्येक कॉलेजनं एक रविवार फाटक उघडं ठेवावं, दुसऱ्या वर्षाची पोरं उभी करावीत, त्यांनी येणाऱ्यांना लॅब आणि हॉस्टेलचे संडास दाखवावेत. याला पैसा लागत नाही. त्यानं विचारलंय, सोलापूरहून जाणाऱ्या पोरांचं तिकीट कोण काढणार. ग्रुपमध्ये परदेशी असलेले आम्ही सात जण आहोत, आणि अजून कुणी बोललेलं नाही.