ऑगस्टच्या शेटलंड (स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं) सहलीबद्दल

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. पफिन एकही दिसला नाही, मूसा बेटाची फेरी रद्द झाली, दोन रात्री सँडविचवर काढाव्या लागल्या आणि 'दोन दिवस नुसते दगड दाखवले', असं तुम्ही लिहिलंय.

पफिनच्या बाबतीत चूक सरळसरळ आमची. हे पक्षी एप्रिलच्या सुमारास कड्यांवर येतात, बिळात एकच अंडं घालतात आणि ऑगस्ट अर्धा होईतो बहुतेक सगळे समुद्रावर निघून जातात. मग वसंतापर्यंत जमिनीला पाय लावत नाहीत. तुम्ही पफिनच्या कड्यांवर, संबरा हेडला पोचलात 14 ऑगस्टला. तरीही पत्रकाच्या पहिल्याच पानावर केशरी चोचीचा पफिन होता, कारण जूनच्या तुकडीचं पत्रक आम्ही तसंच पुढे वापरलं. तो फोटो आता काढलाय. पफिनच बघायचे असतील त्यांना यापुढे मे ते जुलैचीच तारीख देऊ.

मूसाला जायचं त्या दिवशी वारा फार होता आणि होडीवाल्यांनी नाही म्हटलं. अशा वेळी त्यांचाच शब्द शेवटचा, त्यात मी कधीच आग्रह धरणार नाही. पण तेरा मीटर उंचीचा, चुना न वापरता रचलेला, दोन हजार वर्षांहून जुना मूसावरचा बुरूज तुमचा राहून गेला, याचं वाईट वाटतं. त्याच्या भिंतींच्या फटींत चिमणीहून जरासे मोठे, काळे समुद्रपक्षी आजही घरटी करतात. होडीचे पैसे आम्हाला परत मिळाले होते. ते तुम्ही न मागता द्यायला हवे होते. आज तुमच्या खात्यात भरलेत.

जेवणाचं हॉटेलला कळवलं होतं, पण आदल्या दिवशी फोन करून खात्री केली नाही. क्षमस्व.

'नुसते दगड' हे मात्र मला पटत नाही. यार्ल्सहॉफच्या प्राचीन अवशेषांत एकाच जागी चार हजार वर्षांची वस्ती एकीवर एक रचलेली आहे. आधी कांस्ययुगातली घरं, मग लोहयुगातली गोल घरं, त्यांवर नॉर्स लोकांची, म्हणजे नॉर्वेकडून आलेल्यांची, लांबट घरं, आणि वर सोळाव्या-सतराव्या शतकातला वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वादळांनी किनारा खचला, तेव्हा या भिंती उघड्या पडल्या. नॉर्स लोकांचा ठसा आजही पुसलेला नाही. 1469 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडकडे गहाण टाकली आणि ती कधी सोडवलीच गेली नाहीत. इथल्या मुख्य गावातल्या, लेरविकमधल्या रस्त्यांना हॅराल्ड आणि ओलाफ या नॉर्वेच्या राजांची नावं आहेत, ती त्याच नात्यातून. हे सगळं तिथे उभं राहून नीट सांगायला हवं होतं. आमच्या गाइडने ते बसमध्येच उरकलं, हे त्याच्याशी बोलल्यावर कळलं. पुढच्या तुकडीला मी स्वतः जातेय.

तिथल्या एका जुन्या घरात धान्य दळून दळून मधोमध खोलगट झालेला दगड आहे. बाकी मंडळी बसकडे निघाली तरी तुमच्या आई त्याच्यापाशी वाकून बघत होत्या, आणि 'आपल्याकडे पाटा असाच झिजतो' असं म्हणाल्या, हे गाइडनेच सांगितलं. त्याने तेव्हा काढलेला त्यांचा फोटो माझ्याकडे आहे. हवा असेल तर पाठवते.

संचालिका, पुणे कार्यालय