'पुस्तकाला जात नसते' : एका लाडक्या युक्तिवादाचा प्रतिवाद

ग्रंथपालांच्या भरतीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा : ग्रंथालयांत आणि दप्तरखान्यांत समाजाच्या सर्व थरांतील माणसे असावीत, हा आग्रह परदेशातून आलेला आहे, पुस्तकाला जात नसते की लिंग नसते, सवलतींमुळे गुणवत्ता घसरते, ज्याला शिकायचे त्याला दार उघडेच आहे, आणि एवीतेवी थोड्याच वर्षांत हे काम यंत्र करणार आहे. लिहिणाऱ्याने ग्रंथालय देवघेवीच्या खिडकीच्या अलीकडूनच पाहिले असावे, असा माझा संशय आहे. तरीही दावे क्रमाने तपासू.

परदेशी आग्रहाचा मुद्दा लवकर संपतो. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास बोलावले आणि १९११ मध्ये तेथे ग्रंथपालनाचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. बोर्डन अमेरिकन होते हे खरे, पण त्यांना बोलावणारा राजा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा होता. ग्रंथपालन हे शिकवण्याजोगे शास्त्र आहे, वशिल्याने मिळणारी जागा नव्हे, हा विचार आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे जुना आहे.

पुस्तकाला जात नसते, हे मान्य. पण पुस्तकाला वर्गांक, म्हणजे विषयावरून त्याची कपाटातली जागा ठरवणारा आकडा, असतो, आणि तो माणूस देतो. असे आकडे देणाऱ्या, १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्यूई दशांश पद्धतीत धर्मासाठी २०० ते २९९ हा पट्टा आहे. त्यातले २२० ते २८९ हे आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांना मिळाले, तर जगातले उरलेले सारे धर्म २९० च्या दहा आकड्यांत दाटीवाटीने बसवले गेले. हिंदू आणि बौद्ध हे दोन्ही धर्म एकट्या २९४ मध्ये राहतात. इंग्रजी साहित्याला ८२० चा ऐसपैस वाडा मिळाला, मराठीला ८९१.४६ ही खोली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून काम करणाऱ्या डोरोथी पोर्टर या कृष्णवर्णीय ग्रंथपाल बाईंना असे आढळले, की कृष्णवर्णीय लेखकाचे पुस्तक, मग तो कवितासंग्रह का असेना, वसाहत किंवा गुलामगिरीच्या आकड्याखाली टाकण्याचा प्रघात आहे. त्यांनी तो मोडला आणि कविता कवितेत ठेवली. ही चूक आधीच्या विद्वानांना दिसली नव्हती, कारण त्यांना ती चूक वाटतच नव्हती.

आपल्याकडेही सत्यशोधकी जलशाची, म्हणजे सत्यशोधक चळवळीचे विचार गाण्या-संवादांतून मांडणाऱ्या लोककार्यक्रमाची, एखादी जीर्ण पुस्तिका दाखलनोंद वहीत 'किरकोळ' म्हणून चढते की तिला रचनाकाराचे नाव, विषय आणि योग्य वर्गांक मिळतो, हे नोंद करणाऱ्याला जलसा म्हणजे काय ते ठाऊक आहे की नाही यावर ठरते. चुकीच्या नोंदीखालचे पुस्तक कपाटात असूनही कुणाला सापडत नाही. कोणत्या घरात जन्म झाला यावरून नोंद अचूक होते, असे मी म्हणत नाही. पण नोंद करणारे सगळे एकाच प्रकारच्या घरांतून आले, तर सगळ्यांच्या न दिसण्याच्या जागाही एकच असतात.

दप्तरखान्यात हे अधिक ठळकपणे जाणवते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. काम प्रचंड आहे, पण निवड म्हटली की निवडणाऱ्याची नजर आलीच, आणि ती मुख्यतः राजकारणावर होती. आता सामान्य माणसाला त्याच प्रकारचे कागद वेगळ्याच कारणासाठी लागतात. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १९५० च्या, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ च्या आणि इतर मागासवर्गाला १९६७ च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारे आणि मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू नोंदी वाचणारे किती थोडे उरले आहेत, ते साऱ्यांना कळले. त्या दिवसांत उर्दू शाळेत शिकलेला अभिलेखपाल, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा सांभाळ करणारा माणूस, ही चैन नव्हती, ती निकड होती.

गुणवत्तेबद्दल. महाविद्यालयीन ग्रंथपालासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुणांची अट घातली आहे आणि राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. या पाच टक्क्यांनी ग्रंथालये बुडतात असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. ज्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो, ते भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा गणिताचे प्राध्यापक होते आणि ग्रंथालयशास्त्राचे कसलेही प्रशिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. नेमणुकीनंतर त्यांना लंडनला शिकायला पाठवण्यात आले. आधी संधी मिळाली, मग शिक्षण, आणि शास्त्र त्यानंतर उभे राहिले.

'दार उघडेच आहे' हा दावा मात्र मला सर्वांत निर्दय वाटतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली. खेड्यातले ग्रंथालय बहुधा 'ड' या सर्वांत खालच्या वर्गात असते. त्याचे वार्षिक अनुदान ३० हजार रुपये होते, ते ६० टक्के वाढीनंतर ४८ हजार झाले. पुस्तके, वर्तमानपत्रे, भाडे, वीज यांवर छदामही न घालवता सगळी रक्कम ग्रंथपालाच्या हाती ठेवली, तरी महिन्याला चार हजार रुपये पडतात. एवढ्यावर तोच टिकतो ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे. शाळेत जावे तर अनेक ठिकाणी पद 'अर्धवेळ ग्रंथपाल' असे असते. पूर्ण पगार नाही, बढतीची पायरी नाही, आणि वर आम्ही विचारतो की गरिबाघरची हुशार मुले या क्षेत्रात येत का नाहीत. विविधतेची घोषणा करून पगार तसाच ठेवणाऱ्यांनाही हा हिशेब लागू आहे.

राहिले यंत्र. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे जोडत नेतात; शब्दांमध्ये अंतर नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि घसटी अक्षर प्रत्येक कारकुनाचे निराळे. यंत्राला हे वाचायला शिकवायचे, तर आधी हजारो पाने कुणीतरी बिनचूक वाचून, देवनागरीत उतरवून त्याच्यापुढे ठेवावी लागतात. ती पाने चार हजारांत कोण वाचून देणार, हे त्या मजकुरात लिहिलेले नाही.