दोन मिलिमीटरचा वाकडेपणा

अमूर्त चित्राची प्रिंट भिंतीवर लावायची म्हटली की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "बरंय, थोडं इकडंतिकडं झालं तरी कुणाला कळतंय!" माझं भांडण इथूनच सुरू होतं. विठोबाची तसबीर दोन मिलिमीटर कलली तर माणूस हात जोडतो, खिळ्याकडे बघत नाही. डच अमूर्त चित्रकार पीट मोंद्रियानच्या १९३०च्या चित्रात हात जोडण्यासारखं काही नसतं. काळ्या रेघा, उजवीकडे मोठा लाल चौकोन, डाव्या कोपऱ्यात निळा, उजव्या तळाशी पिवळ्याचा तुकडा. बघायला दुसरं काही नाही, म्हणून माणूस वाकडेपणाच बघतो.

तरी मी मोंद्रियानच सुचवतो, कारण तिथे कायदा आपल्या बाजूने आहे. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चित्राचे हक्क (कॉपीराइट) राहतात. मोंद्रियान १९४४ साली गेला, म्हणजे २००५ पासून आपण मोकळे. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ साली गेले, त्यांचे हक्क २०६१ संपेपर्यंत. तेव्हा गायतोंडे कुणी पाचशे रुपयांत विकत असेल, तर ते चित्र ना गायतोंड्यांचं, ना कायद्याचं.

'म्युझियम क्वालिटी' ही पाटी 'शुद्ध तुपातली मिठाई'सारखी असते. ती लावायला कुणाची परवानगी लागत नाही. विचारायचं ते एवढंच : कागद सुती आहे का, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या पुढचा आहे का, आम्लमुक्त आहे का, शाई पिगमेंटची, म्हणजे सहज न विटणारी, आहे का आणि कागदात चमक आणणारं रसायन घातलंय का. शेवटच्या प्रश्नावर दुकानदार छताकडे बघतो. मग नोटा तपासायचा जांभळा दिवा कागदावर धरायचा. निळा उजेड फुटला, तर कागदाला टिनोपाल केलंय असं समजा. रसायन त्याच जातीचं. मोंद्रियानचे पांढरे चौकोन एकसारखे पांढरे नसतात, एखादा राखाडीकडे झुकतो, एखादा किंचित उबदार. टिनोपालच्या कागदावर सगळे एकाच लाँड्रीतून आल्यासारखे दिसतात, आणि काही वर्षांनी चमक उतरली की कागद पिवळा पडतो.

मूळ चित्र जेमतेम १८ इंची चौरस आहे. इंचाला ३०० ठिपके धरले तर फाइल ५४०० बाय ५४०० हवी. भाच्याने फॅमिली ग्रुपवर टाकलेली १६०० ठिपक्यांची प्रत छापली, तर इंचाला ८९ ठिपके येतात आणि काळ्या रेघांना मिशा फुटतात.

"कॅनव्हासवर काढू, फ्रेमचा खर्च वाचेल," ही दुसरी सूचना. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणताना प्रत्येक बाजूने दीड इंच कडेला वळतो. १८ इंचांतले १५च समोर उरतात. पिवळा तुकडा तर जवळजवळ सगळाच कोपऱ्याआड जाऊन भिंतीशी कुजबुजत बसतो. छापतानाच चारी बाजूंना दोन-दोन इंच जादा कोरा कॅनव्हास मागा, नाहीतर कागदच बरा.

कागद घेतला की गाठ फ्रेमवाल्याशी. तो प्रिंट चारी कडांनी डबल टेपने चिकटवणार, हे ठरलेलं.

"काका, चारी बाजूंनी नको. वरच्या कडेला फक्त दोन बिजागऱ्या."

"साहेब, तीस वर्षं असंच करतोय. एकही फ्रेम परत आली नाही."

परत येत नाही, कारण ती माळ्यावर जाते. सुती कागद पावसाळ्यात ओल पितो आणि फुगतो. कडा जखडलेल्या, मग फुगणार कुठे? मधोमध लाटा येतात. म्हणून जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाची खळ, आणि बाकी कागद मोकळा लोंबता. काच आणि चित्र यांच्यात माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, तोही आम्लमुक्त. काच कागदाला टेकली की ओलीत दोघांचं लग्न लागतं, आणि घटस्फोटात रंग काचेकडे जातो. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. बाहेरून पाऊस झोडपतो त्या भिंतीवर लावायचंच नाही. तिथे आधी बुरशी येते, मग कसर.

आता भिंत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर. प्रिंट १८ इंची, माउंट तीन-तीन इंच, म्हणजे फ्रेम २४ धरा. वरची कड येते ६९वर. मागच्या टांगायच्या कड्या त्याखाली चार इंच, म्हणजे भोकं ६५ इंचांवर. हा हिशेब सगळे चहा पिताना बरोबर करतात आणि स्टुलावर चढल्यावर भोक ६९वर पाडतात. एका खिळ्यावर तार टांगू नका. दार आपटलं की चित्र सरकतं. दोन भोकं, ६ मिलिमीटरचं बिट, प्लॅस्टिकची गिट्टी, स्क्रू. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल नको, वायर तिथूनच जाते. प्लास्टर भुसभुशीत असेल तर सहाचं भोक आठचं होतं. मग घरातले काड्यापेटी शोधू लागतात. काड्या कोंबू नका, आठची गिट्टी आणा.

यानंतर सोफ्यावरचं सल्लागार मंडळ. "डावीकडे जरा वर." "नाही गं, उजवीकडे खाली." पाणसळीचा बुडबुडा बरोब्बर मध्ये, तरी वाकडंच दिसतं, कारण वाकडी असते ती वरची तुळई. चित्र तुळईपासून हात-दीड हात खाली ठेवा, म्हणजे दोघांची तुलना होत नाही.

आणि हो, चित्र छापून हातात आल्याबरोबर मागे पेन्सिलीने वरच्या दिशेचा बाण काढा. मोंद्रियानचंच 'न्यूयॉर्क सिटी १' हे रंगीत चिकटपट्ट्यांचं चित्र कित्येक दशकं उलटं टांगलेलं असावं, असं ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञ बाईंनी २०२२ साली सांगितलं. पट्ट्या आता इतक्या सुटू लागल्यात की सरळ करायचीही सोय नाही. आपल्याकडे हा शोध लावायला तज्ज्ञ लागत नाही, चहाला आलेले काका फ्रेमसमोर मान वाकडी करून म्हणतात, "उलटं लागलंय वाटतं." बाण बघावा, तर तो तपकिरी कागदाच्या आत, फ्रेमवाल्याने चारी बाजूंनी पक्का सील केलेला. आणि फ्रेमवाला गणपती होईपर्यंत बिझी.