शेळ्या, शाळा आणि अंडं

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी एका काकांनी टाकलं, "पोरं शाळेत शिकायला जातात की अंडी खायला?" खाली अंगठ्यांची रांग. चहा तसाच ठेवून लिहायला बसलेय.

माझी वहिनी पालघरच्या आदिवासी भागात, मोखाडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गातला एक पोरगा आठवडाभर शेळ्यांमागे असायचा. 2023 च्या शेवटी पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि त्या दिवशी हा पठ्ठ्या शेळ्या कुंपणाला बांधून वर्गात हजर! एकदा आला की सुटेपर्यंत बसायचा, पाढे म्हणायचा. मग 2025 च्या जानेवारीत शासनाने अंड्यांचे पैसे थांबवले. द्यायचीच तर लोकसहभागातून द्या म्हणे. मोखाड्यात लोकसहभाग! दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडून वर्गणी काढायची का?

"रेशन फुकट मिळतं ना पण?" मिळतं, आणि पोट भरतं, नाकारत नाही. पण नुसत्या भातावर पोर किती वाढणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. देशातली गोदामं धान्याने भरलेली असताना! डाळ, दूध, अंडं या ताटांपर्यंत पोचतच नाही.

काही घरांत अंडं चालत नाही, मान्य. त्यांच्यासाठी केळं होतंच की. तमिळनाडूत शाळेत आठवड्याला पाच अंडी देतात. तिथली संस्कृती बुडाल्याचं काही कानावर आलं नाही.

जरा जास्तच चिडले. काका माणूस वाईट नाही, लॉकडाऊनमध्ये वॉचमनच्या घरचा किराणा त्यांनीच भरला होता. समोर दिसणाऱ्याला ते कधी उपाशी ठेवणार नाहीत. पण तो शेळ्यांवाला त्यांना कुठून दिसणार? त्यांच्या नातवाची प्रोटीन पावडर संपली की घरपोच येते. याचं आठवड्याचं एक अंडं मात्र डोळ्यांवर येतं!

सध्या वहिनी आणि तिथले गुरुजी जमेल त्या आठवड्यात पगारातून अंडी आणतात. शेळ्यांवाला त्या दिवशी येतो, एरवी नाही. ट्रे पोचवायला खोडाळ्याचा एक दुकानदार तयार आहे. हातभार लावायचाय त्यांनी इनबॉक्समध्ये या. संस्कृतीवर निबंध लिहायचा असेल तर आपापल्या भिंतीवर लिहा, इथे लिहिलात तर उडवेन.