वरचा मजला हलतो म्हणून एक स्टार : मालकाकडून उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, देवा शप्पथ राग नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकत्र करून टाकल्यात. वेटर बाजूने गेला की वरचा मजला हलतो, वाटीतली पातळ भाजी थरथरते, हे अगदी खरं. ‘बिल्डिंग कधीही कोसळेल, फोंड्यात दुसरीकडे जा’ हे मात्र खोटं, आणि ते वाचल्यापासून खाली बसणारी गिऱ्हाइकंसुद्धा वर छताकडे बघत बघत पाव मोडतायत.

वरचा हॉल लोखंडी गर्डरवर आहे, मधे ना खांब ना भिंत. असा लांब, हलका मजला वजन आरामात पेलतो पण हलतो, म्हणून तर स्टीलच्या बांधकामाचे नियम सांगणाऱ्या आयएस ८०० या भारतीय कोडमध्ये ताकद वेगळी बघतात आणि थरथर वेगळी. आमच्या इंजिनिअरने मीटर लावून बघितलं, मजला सेकंदाला साधारण सहा हेलकावे घेतो, माणूस चालतो सेकंदाला दोन पावलं, म्हणजे दर तिसऱ्या हेलकाव्याला पाऊल पडतं आणि झोपाळ्याला वेळेवर धक्का मिळावा तसं होतं. त्यात सेकंदाला चार ते आठ हेलकावे हेच बसलेल्या माणसाला जास्तीत जास्त जाणवतात, चालणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही. आमचा पोरगा ‘कुठे हलतंय?’ म्हणाला तो उद्धटपणा नव्हता हो, त्याला खरंच कळलं नाही.

त्यात तुम्ही आलात दुपारी चारला, हॉल रिकामा. रविवारी सकाळी भरलेला असतो तेव्हा कोणी काही बोलत नाही, कारण बसलेली माणसंच बरीच थरथर शोषून घेतात. २०११ मध्ये दक्षिण कोरियात सोल शहरात टेक्नोमार्टची ३९ मजली इमारत हलली, सगळे खाली पळाले, तपासात काय निघालं तर बाराव्या मजल्यावर लोक तालावर उड्या मारत व्यायाम करत होते! इमारतीला काही झालं नव्हतं.

मधे एक खांब दिला की आमचं काम होईल, पण तो येतो बरोबर खालच्या काउंटरवर, त्यामुळे चतुर्थीनंतर काउंटर सरकवून घालतोय. तोपर्यंत हॉलच्या मधली टेबलं भिंतीकडे घेतलीत, तुम्ही बसलात ते नेमकं मधलं, तिथेच सगळ्यात जास्त हलतं.

तर ‘हलतो’ राहू दे, ‘कोसळेल’ तेवढं काढा. आणि बन्स थंड होते म्हणालात, ताई, चार वाजता थंडच मिळणार, सकाळी आठच्या आत या.